खिडकीवाल्या जुन्या ईप्रॉम चिपा : आतला डेटा कसा वाचायचा?

मिरजेचा_मंग्या

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज मदत हवी म्हणून धागा काढतोय.

आमचे काका मिरजेत डेकोरेशनच्या लायटिंगचं काम करायचे. गणपतीत स्वागत कमानींवर बल्बांचे मोठे बोर्ड लागायचे ना, मोर पिसारा फुलवतोय, चक्र फिरतंय, मारुती उडतोय, तसले. रेडिमेड एलईडी पॅनल आले आणि धंदा बसला, सगळं सामान माळ्यावर गेलं. आता घर पाडून बांधायचं म्हणून माळा उतरवला तर पत्र्याच्या पेटीत थर्माकोलला खोचून ठेवलेल्या ढिगाने चिपा निघाल्या. वर गोल काचेची खिडकी. काहींवर काकांच्या अक्षरात चिकटपट्टी, 'मोर मोठा', 'चक्र २', 'पाऊस सावकाश' वगैरे, आणि काहींची खिडकी उघडीच. नंबर २७१६, २७३२, थोड्या २७६४, आणि काहींचे नंबर चक्क घासून टाकलेत.

काकांना डिझाईन सगळी आठवतात, हात हलवून दाखवतात सुद्धा, पण कागदावर काहीच नाही, जे काय आहे ते या चिपांत. दुकानदार म्हणतो भंगारात टाका, चुलतभाऊ म्हणतो एवढ्या वर्षांत आपोआप पुसलं गेलं असणार. मी मेकॅनिकलवाला आहे, सोल्डरिंग जेमतेम येतं. लॅपटॉपवर हा डेटा कसा उतरवू? काय विकत घ्यावं लागेल? आणि वाचताना चिप खराब होते का?

खवचट_आजोबा

माळा रिकामा करा म्हणून घरच्यांनी किती वर्षं सांगितलं होतं ते आधी लिहा. बाकी तांत्रिक गोष्टी मागाहून बघू.

सोल्डरबाबा

मंग्या, आधी उठ आणि उघड्या खिडक्यांवर काळी इन्सुलेशन टेप लाव, मग पुढचं वाच.

या चिपा म्हणजे ईप्रॉम, वीज नसतानाही डेटा धरून ठेवणारी मेमरी, आणि त्या अल्ट्राव्हायोलेट उजेडाने पुसल्या जातात. इरेजरच्या दिव्याखाली पंधरावीस मिनिटं पुरतात. इंटेलच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असायचं की थेट उन्हात साधारण आठवड्यात आणि खोलीतल्या ट्यूबलाइटखाली साधारण तीन वर्षांत चिप पुसली जाऊ शकते. तुझी पेटी पत्र्याची आणि बंद होती, म्हणजे आशा भरपूर आहे. चुलतभावाला सांग, अंधारात ठेवलेली ईप्रॉम चाळीस वर्षांनी सुद्धा व्यवस्थित वाचलेली मी बघितली आहे. आणि ते थर्माकोल फेकून दे, त्याच्यासारखं स्टॅटिक कशातच साचत नाही. काळा कंडक्टिव्ह फोम मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड पुठ्ठ्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून त्यात पाय खोच.

आता यंत्र, म्हणजे चिप वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅमर. टीएल८६६ टू प्लस किंवा त्याच्या पुढचा टी४८, दोन्ही यूएसबीवर चालतात, काही हजारांत मिळतात. नेटवर वाचशील की टीएल८६६ ला २७१६ आणि २७३२ 'चालत नाहीत'. ते लिहिण्याबद्दल आहे. त्या चिपांवर लिहायला २५ व्होल्ट लागतात, २७३२ए ला २१, आणि टीएल८६६ टू प्लस १८ च्या वर जात नाही. तुला लिहायचं कुठे आहे? वाचायला ५ व्होल्ट पुरतात आणि वाचण्याने चिपेचं काही बिघडत नाही.

फक्त दोन गोष्टी सांभाळ. चिप उलटी बसवू नकोस, खाचेची बाजू सॉफ्टवेअरमधल्या चित्राप्रमाणेच. आणि 'चेक आयडी' वर टिकमार्क असेल तर काढ. आयडी म्हणजे चिपेतली तिची ओळख, ती वाचायला प्रोग्रॅमर ए९ नावाच्या पायावर १२ व्होल्टच्या आसपास देतो, आणि या जुन्या चिपांत आयडी नसतोच, उगाच त्रास कशाला द्यायचा.

प्रत्येक चिप निदान तीनदा वाच, मधे काढून परत बसव. तिन्ही फायली तंतोतंत जुळल्या तरच पुढची घे. फाईलला चिकटपट्टीवरचं नाव दे आणि चिकटपट्टी काढू नकोस.

लॅमिंग्टनवाला

बाबांना +१.

घासलेल्या नंबरांबद्दल. आमच्या लॅमिंग्टन रोडवर (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) हे सर्रास चालायचं, पार्टी आपलं सर्किट कोणी कॉपी करू नये म्हणून सँडपेपर मारायची, सगळ्यात जास्त लायटिंगवालेच. घाबरायचं काम नाही. २४ पाय असतील तर २७१६ किंवा २७३२ (क्वचित २७०८), २८ पाय म्हणजे २७६४ च्या पुढचं. मग भिंग घ्या आणि खिडकीतून आत बघा, सिलिकॉनच्या तुकड्याच्या कडेला बारीक अक्षरात कंपनीची खूण आणि पुष्कळदा नंबरही असतो. तो कोणाच्या बापाला घासता येत नाही. बघून झालं की टेप परत लावा.

दोन ठिकाणी फसगत होते ती सांगून ठेवतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची २५३२ आणि इंटेलची २७३२, दोन्ही ४ केबी, दोन्ही २४ पायांच्या, पण पायांचा क्रम वेगळा. २७३२ म्हणून २५३२ वाचली तर अर्धा डेटा हाताला लागतच नाही. दुसरं, टेक्सासची टीएमएस२७१६. हिला ५, उणे ५ आणि १२ असे तीन सप्लाय लागतात, २७०८ सारखे. साध्या २७१६ च्या जागी लावली तर चिपेची वाट लागू शकते. टेक्सासची साधी एका सप्लायवाली २७१६ म्हणजे टीएमएस२५१६. त्यामुळे टेक्सासचा शिक्का दिसला की जरा थांबायचं.

जुई_बिटवाली

एक चिप वाचायला हजारो रुपयांचा प्रोग्रॅमर कशाला, अर्डुइनो मेगा (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) असेल तर भागतं की. २७१६ ला अकरा अ‍ॅड्रेस लाइन (कुठला बाइट हवा ते सांगणाऱ्या तारा) आणि आठ डेटा लाइन, मेगावर पिनांची चैन आहे. अ‍ॅड्रेस लावायचा, सीई आणि ओई (चिप आणि तिचं आउटपुट चालू करणारे पाय) खाली ओढायचे, एक मायक्रोसेकंद थांबायचं (जुन्या चिपा ४५० नॅनोसेकंदात उत्तर देतात, म्हणजे आपण फारच सावकाश आहोत), डेटा वाचायचा, सिरियलवर पाठवायचा. पन्नास ओळींचा कोड. २७१६ चा २१ नंबरचा पाय मात्र ५ व्होल्टला बांधायला विसरायचं नाही, तो व्हीपीपी म्हणजे लिहिण्याच्या व्होल्टेजचा पाय आहे, तरंगत सोडला तर काहीही येईल.

रास्पबेरी पाय किंवा ईएसपी३२ थेट जोडू नका, ते ३.३ व्होल्टवाले आहेत. मेगा ५ चा आहे म्हणून तो.

सोल्डरबाबा

जुईताई, तुमचं बरोबर आहे, पण धागाकर्त्याला सोल्डरिंग जेमतेम येतं आणि चिपा पेटीभर आहेत. ब्रेडबोर्डवर वीसपंचवीस वायरी, त्यातली एक सैल झाली की अख्खी फाईल चुकणार आणि चुकली हे कळणारही नाही. प्रोग्रॅमरच्या झिफ सॉकेटचा खटका दाबला की चिप पकडली जाते, पायांवर जोर येत नाही. या वयाच्या चिपांचे पाय फार नाजूक असतात.

जुई_बिटवाली

पेटीभर हे वाचलंच नव्हतं मी नीट. मान्य. तरी मेगा हाताशी ठेवा, प्रोग्रॅमरच्या यादीत नसलेली चिप निघाली तर तोच कामाला येईल.

खवचट_आजोबा

चला, दोन इंजिनियरांचं एकमत झालं, आज पाऊस पडणार. 'पाऊस सावकाश' ती चिप कुठे आहे?

चिंतोपंत

एक महत्त्वाचं, कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मंग्या, चिपांसोबत काकांचा कंट्रोल बॉक्स पण असेल तर तो प्लगला लावून त्याला लॅपटॉप, अर्डुइनो, मल्टिमीटर काहीही जोडत बसू नकोस. त्या काळच्या पुष्कळ चेझरांत (दिवे पळवणाऱ्या बॉक्सांत) ट्रायॅकचं, म्हणजे दिवे चालूबंद करणाऱ्या स्विचचं, गेट थेट सर्किटला असायचं, मेन्स वेगळा ठेवणारा ऑप्टो वगैरे नाहीच, म्हणजे अख्ख्या बोर्डावर २३० व्होल्ट खेळत असतात. लोक लाकडी पेटीत ठेवून चालवायचे आणि झटके खायचे. चिप बाहेर काढून वाच, बोर्ड थंडच राहू दे.

मिरजेचा_मंग्या

बापरे. काका म्हणतात "थोडा मुंग्या आल्यागत व्हायचं, सवय होती". नाही लावत.

खिडक्यांना टेप लावली. टी४८ मागवला आहे. पाय काळे पडलेत बऱ्याच चिपांचे, ते घासू का?

लॅमिंग्टनवाला

ते पायांवर चांदीचा मुलामा असतो, तो काळा पडतो, घरातल्या चांदीच्या भांड्यांगत. सँडपेपर अजिबात नको. पेन्सिलचं खोडरबर हलक्या हाताने, एका बाजूला पाठीमागे बोटाचा आधार देऊन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाय तुटलाच तर घाबरू नका, उरलेल्या खुंटाला रेझिस्टरचा कापलेला पाय डाग देऊन वाचण्यापुरतं काम होतं. आणि वाकलेले पाय परत परत सरळ करू नका, दुसऱ्यांदा वाकवला की तुटतोच.

स्पष्टवक्ता_सातारा

एक विचारू? एवढा आटापिटा कशासाठी? आज आठशे रुपयांच्या कंट्रोलरवर हजार पिक्सेलची एलईडी चालते, मोर काय आख्खा राज्याभिषेक दाखवता येतो. आठ चॅनेलचा मोर वाचून काय करणार? म्युझियम काढणार का? राग मानू नका पण नॉस्टॅल्जियाला पण काही मर्यादा असाव्यात.

कमान_कट्टा

स्पष्टवक्ते, तुम्ही तो मोर बघितलेला नाही हे उघड आहे. हजार पिक्सेल आहेत म्हणून कोणालाही काहीही हलवता येतं, मजा होती ती आठ तारांत हलवण्याची. पिसाऱ्याच्या पाच पायऱ्या, मान दोन, आणि उरलेली एक तार डोळ्याला. एवढ्यात मोर जिवंत वाटायला हवा, तर वेळेचं गणित जमावं लागतं, कुठली पायरी किती वेळ धरायची, कुठे झटकन सोडायची. ते सगळं त्या चिपेत आहे, दुसरीकडे कुठेच नाही.

आणि चिपांच्या आधीचं सांगतो. आमच्याकडे मोटरवर फिरणारा लाकडी रोळ असायचा, त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या आणि वरून पत्र्याच्या जिभा घासत जायच्या. पट्टीची लांबी म्हणजे दिवा किती वेळ लागणार ते. ठिणग्या अशा उडायच्या की गल्लीतल्या रेडिओवर सगळ्यांना खरखर. डिझाईन बदलायचं म्हणजे रात्रभर खिळे उपटत बसायचं. चिपा आल्यावर कारागिरांनी तोच रोळ डोक्यात ठेवून आकडे भरले.

स्पष्टवक्ता_सातारा

ठीक आहे, पट्टीची लांबी वाला मुद्दा पटला. मोर आला की व्हिडिओ टाका, मग बोलू.

भोसरीकर

चांगला धागा. थोडा वेगळा अनुभव. आमच्याकडे भोसरीत एक जुनं सीएनसी मशीन होतं, कंट्रोलच्या कार्डावर ईप्रॉमची रांग. मशीन सकाळी चालू व्हायचं आणि दुपारी तापलं की मेमरीची एरर देऊन बसायचं. मशीन बनवणाऱ्यांनी हात वर केले होते, जुनं मॉडेल, सपोर्ट बंद. शेवटी एकेक चिप काढून वाचली. एक चिप दर वेळी वेगळी वाचली जायची, फरक मोजक्याच बाइटांत.

कारण असं. ईप्रॉमच्या प्रत्येक सेलमध्ये एक तरंगतं गेट असतं, चारी बाजूंनी काचेसारख्या ऑक्साइडने वेढलेलं. त्यावर इलेक्ट्रॉन कोंडले की तो बिट ०, रिकामं असेल तर १. म्हणून कोरी चिप सगळीकडे एफएफ (म्हणजे आठही बिट १) दिसते. वर्षांनुवर्षं इलेक्ट्रॉन झिरपत गेले की ० चा हळूहळू १ होतो, आणि मधल्या काळात तो बिट कधी ० तर कधी १ वाचला जातो. अशा वेळी सप्लाय ५ ऐवजी साडेचारच्या आसपास आणला की पुष्कळदा मरायला टेकलेले शून्य परत शून्यच वाचले जातात, कारण सेलला उघडायला मिळणारा व्होल्टेजच कमी होतो. आम्ही तसंच केलं, सगळं स्थिर वाचलं गेलं, नव्या चिपेत भरलं, मशीन पुढे विकेपर्यंत चाललं.

मंग्या, तुझ्या तीन फायली जुळल्या नाहीत तर हे लक्षात ठेव.

सोल्डरबाबा

भोसरीकर, एकदम बरोबर. त्यात भर : झिरपून बिट बदलतो तो ० कडून १ कडेच, उलटा नाही. म्हणून पाय स्वच्छ आहेत, सॉकेट घट्ट आहे आणि तरी फायली जुळत नाहीत तर सगळ्या फायलींचं बिटनिहाय अँड काढायचं, म्हणजे सगळ्यांत १ असेल तरच १ धरायचा. एकदा जरी शून्य आला असेल तर तो खरा शून्य. पण आधी संपर्काची खात्री, कारण सैल पाय दोन्हीकडे खोटं बोलतो.

जिज्ञासू_७७

हे कोंडलेले इलेक्ट्रॉन वगैरे सुचलं कोणाला?

भोसरीकर

डॉव्ह फ्रोमन, इंटेलमध्ये. १९७१. सदोष ट्रान्झिस्टरांचा तपास करत होते, त्यांच्या गेटची जोडणीच तुटलेली होती, म्हणजे गेट तरंगत होतं. त्या बिघाडावरून त्यांच्या डोक्यात आलं की मुद्दाम तरंगतं गेट ठेवून त्यावर चार्ज साठवता येईल. त्यातून १७०२ आली, २०४८ बिटांची, म्हणजे फक्त २५६ बाइट. काचेची खिडकी ठेवली ती पुसायला उजेड आत जावा म्हणून.

न्यूजर्सीचा_नाम्या

इकडे मी जुन्या आर्केड गेमचे बोर्ड दुरुस्त करतो, छंद म्हणून. हीच सगळी कसरत. एमएएमई प्रकल्प (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा) १९९७ साली सुरू झाला तो अशाच वाचलेल्या चिपांच्या जिवावर उभा आहे, लोकांनी बोर्ड शोधून चिपा वाचल्या नसत्या तर कित्येक गेम कायमचे गेले असते.

एक सावधगिरी. त्या बोर्डांवर बिनखिडकीच्या छोट्या चिपा पण असतात, १६ पायांच्या, ८२एस१२३ किंवा ८२एस१२६ अशा नंबरांच्या. त्या बायपोलर प्रॉम, आत बारीक फ्यूज असतात, लिहिताना जाळायचे, एकदा जाळला की जाळला. पॅकमॅनचे रंग अशाच एका चिपेत आहेत, अवघे ३२ बाइट. या चिपा टीएल८६६ वाचत नाही, तिथे जुईताईंचा मेगा कामाला येतो. काही मॉडेल ओपन कलेक्टर असतात, म्हणजे लाइन फक्त खाली ओढतात, त्यांच्या डेटा लाइनींना पुल-अप रेझिस्टर (लाइन वर ओढून धरणारे) लावावे लागतात, नाहीतर कचरा दिसतो. काकांच्या पेटीत अशी निघाली तर फेकू नका.

टंकमहर्षी

अवांतर आहे पण लिहितोच. माझ्याकडे एका जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरमधून काढलेली ईप्रॉम होती, देवनागरी अक्षरांची. कंपनीचं नाव नको. वाचून हेक्स एडिटरमध्ये उघडली तर नुसतं गिचमिड. मग बिटमॅप म्हणून बघितली, आडव्या ओळी धरून, तरी गिचमिड. प्रिंटर २४ पिनांचा होता हे लक्षात घेऊन ३ बाइटांचा एक उभा स्तंभ धरला, स्तंभाला स्तंभ लावत गेलो, आणि एकदम स्क्रीनवर शिरोरेषा दिसली! मग क, ख, ग. काना वेगळा, वेलांट्या वेगळ्या, अर्धी अक्षरं वेगळी, रफार वेगळा. क्ष, ज्ञ, श्र यांना स्वतंत्र जागा. शिरोरेषा प्रत्येक अक्षरात एकाच उंचीवर, म्हणजे शेजारी अक्षर आलं की आपोआप जुळते. आणि ळ इतका देखणा की आजच्या कित्येक फाँटांना जमत नाही.

सांगायचा मुद्दा, फाईल हातात आली म्हणजे काम झालं असं नाही. ती चिप ज्या यंत्रात होती ते यंत्र आकडे कसे वाचायचं ते कळल्याशिवाय काही दिसत नाही.

जिज्ञासू_७७

तो फाँट इथे टाका की!

टंकमहर्षी

वेगळा धागा काढतो, इथे मोर चालू दे.

मिरजेचा_मंग्या

धागा वर काढतोय. टी४८ आला. आधी घासलेल्या नंबरच्या चिपा भिंगातून ओळखल्या, बहुतेक २७३२ निघाल्या. मग सगळ्या बाबांच्या पद्धतीने वाचल्या. काही सगळीकडे एफएफ, म्हणजे कोऱ्या (उघड्या खिडकीच्या बऱ्याचशा याच). चिकटपट्टीवाल्या जवळपास सगळ्या जुळल्या. 'चक्र २' जुळत नव्हती, पाय स्वच्छ करून परत वाचली, तरी चार-पाच बाइट हलत होते, मग फायलींचं अँड केलं.

पण टंकमहर्षी म्हणाले तेच झालं. 'कमान भरती' म्हणून एक चिप आहे, त्यात डावीकडून उजवीकडे एकेक दिवा भरत जातो असं काका सांगतात. फाईलमध्ये सुरुवात अशी दिसते, काळा म्हणजे १ :

○○○●○○○○
○○○●○●○○
○●○●○●○○
○●○●○●○●
●●○●○●○●

हे डावीकडून उजवीकडे कुठे आहे? चिप बिघडली का?

जुई_बिटवाली

अजिबात बिघडली नाही, फार सुंदर डेटा आहे हा! दर ओळीत बरोबर एकच नवा दिवा लागतोय आणि आधीचा एकही विझत नाहीये. फक्त डेटाच्या तारा वेगळ्या क्रमाने दिव्यांना गेल्यात. डावीकडून मोज, पहिला लागला तो चौथा बिट, म्हणजे चौथ्या बिटाची तार कमानीच्या पहिल्या दिव्याला. मग सहावा, दुसरा, आठवा, पहिला. पुढच्या तीन ओळींत उरलेले तीन येतील, झाला तक्ता तयार. 'कमान भरती' हीच बाकी सगळ्या चिपांची किल्ली आहे, कारण बॉक्स एकच असेल तर वायरिंग तेच.

सोल्डरबाबा

वा जुईताई. पीसीबीवर ट्रॅक एकमेकांना ओलांडू नयेत म्हणून जी तार जवळ पडेल ती जोडायची आणि आकडे त्याप्रमाणे भरायचे, सगळेच करायचे हे.

मिरजेचा_मंग्या

तक्ता लावला, कमान बरोबर भरली! टाळ्या! पण 'मोर मोठा' त्याच तक्त्याने दाखवला तर मोराला फेफरं आल्यासारखं होतंय, पिसारा मधेच पूर्ण, मधेच बंद.

जुई_बिटवाली

मग त्यात अ‍ॅड्रेसच्या तारा पण फिरवलेल्या असणार, ओळींचा क्रमच वेगळा. कॉपी होऊ नये म्हणून असेल. बरोबर क्रमात लागोपाठच्या दोन ओळींत फरक कमीत कमी असतो, तेव्हा सगळे क्रम लावून बघायचे आणि सगळ्यात 'गुळगुळीत' तो निवडायचा. २७१६ असेल तर अकरा लाइनींचे ३,९९,१६,८०० क्रम होतात, पण लॅपटॉपला जड नाही. रात्री लावून ठेव.

सोल्डरबाबा

किंवा बोर्ड प्लगमधून काढून, मल्टिमीटर बझरवर ठेवून काउंटरपासून (ओळींचे नंबर ओळीने पुढे सरकवणारी चिप) सॉकेटपर्यंत अकरा तारा तपासायच्या. चहा गार व्हायच्या आत होतं.

जुई_बिटवाली

😂 मल्टिमीटर जिंकला.

लॅमिंग्टनवाला

काउंटर सीडी४०४० असणार. त्या चिपेचे आउटपुट पाय मुळातच कसेही विखुरलेले आहेत, पहिला ९ नंबरच्या पायावर, बारावा १ नंबरवर. सरळ जोडायला गेलं की ट्रॅकांचं जाळं होतं.

मिरजेचा_मंग्या

४०४० च आहे! मोराचा बॉक्स वेगळा होता, त्यात तीन तारा फिरवलेल्या निघाल्या. मी काकांना विचारलं हे मुद्दाम का, तर म्हणाले "एक पोरगा कामाला होता, चिप घेऊन पळाला. त्याच्या बोर्डावर मोर कधी नाचलाच नाही." आणि हसत सुटले.

आता लॅपटॉपवर मोर पिसारा फुलवतो. एक गंमत, शेवटच्या पायरीवर डोळ्याचा दिवा क्षणभर विझून परत लागतो, म्हणजे मोर डोळा मिचकावतो. स्पष्टवक्ते, व्हिडिओ टाकला आहे.

स्पष्टवक्ता_सातारा

बघितला. चारदा बघितला. शब्द मागे.

कमान_कट्टा

डोळा! सांगितलं होतं ना.

मिरजेचा_मंग्या

आता पुढचा प्रश्न. यंदा एलईडीवर हीच डिझाईन लावायची म्हणतोय, पण काकांचा हट्ट आहे की बॉक्समध्ये चिपच पाहिजे, अर्डुइनो नको. २७१६ परत लिहायला २५ व्होल्ट लागणार. टी४८ देईल का, का वेगळी चिप घेऊ?

सोल्डरबाबा

टी४८ २५ पर्यंत जातो, पण जुन्या चिपा पुसू नकोस, मूळ आहेत, जपून ठेव. त्यापेक्षा २७सी२५६ घे, साडेबारा व्होल्टवर लिहिली जाते, २८ पाय आहेत म्हणून जुन्या सॉकेटसाठी छोटा अ‍ॅडॉप्टर करावा लागेल. ३२ केबी, म्हणजे २७१६ च्या सोळा फायली एकीत मावतात. वरच्या चार अ‍ॅड्रेस लाइनी टॉगल स्विचला आण, स्विच बदलला की डिझाईन बदललं. स्विचच्या लाइनींना पुल-अप लाव, तरंगत ठेवू नकोस. आणि ट्रायॅकच्या आधी यावेळी ऑप्टो घाल, एमओसी३०२१ चालेल, काकांना मुंग्या पुरे झाल्या.

खवचट_आजोबा

सोळा डिझाईन आणि चार स्विच. मंडळाचे कार्यकर्ते आरती चालू असताना ते स्विच खेळत बसणार, लिहून ठेवा. बॉक्सला कुलूप लावा.

चिंतोपंत

कुलूप आणि अर्थिंग.